चुलीवरचे पाच दिवस आणि वैजयंतीची सही

२० डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.

ठरलं. मार्चमध्ये व्हीआरएस. मग जुईनगरचा फ्लॅट विकायचा आणि साताऱ्याच्या वर, डोंगरांमधल्या त्या खोऱ्यात जागा घेऊन कायमचं राहायचं. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. डायरी कोणाच्या हाती लागली तर अख्खी सोसायटी तिथे प्लॉट घ्यायला धावेल.

अडचण एकच. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर, म्हणजे वैजयंतीची सही हवी. बाईसाहेबांनी अट घातली. आधी पाच दिवस तिथे भाड्याच्या घरात राहायचं. नाश्ता, दोन वेळचं जेवण, दोनदा चहा, सगळं तुम्ही करायचं. मी चुलीजवळ फिरकणार नाही. जमलं तर सही, नाहीतर खोऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

एवढंच? मी जागच्या जागी हो म्हटलं. बेलापूरच्या ऑफिसात सत्तावीस माणसं सांभाळतो. चार भाज्या सांभाळायला काय लागतं?

२४ डिसेंबर.

पहाटे वाशी मार्केट. गावात भाजी मिळेल याची गॅरंटी काय? फ्लॉवरची अख्खी गोणी घेतली. ऋषीने, म्हणजे चिरंजीवांनी, विचारलं की एवढा खाणार कोण. याला प्लॅनिंग म्हणतात, असं सांगितलं. वय चोवीस, अजून काही कळत नाही.

घरमालकाचा फोन. गॅसची शेगडी ठेवू का, म्हणाला. ठणकावून नको म्हटलं. राहायचं तर गावासारखं राहायचं. चूल!

२५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ३.

पोहोचलो. हवा एक नंबर. डोंगर तीन बाजूंनी. इथेच हाडं ठेवायची.

घराची देखभाल शेजारच्या गिरजाबाई करतात. जेवन मी करून देते की, म्हणाल्या, पिठलं-भाकरी, कायतरी. नम्रपणे नकार. बाहेरचं अन्न पाच दिवस बंद, हे मी जाहीर केलं.

मग त्यांनी डिकीतली गोणी बघितली. सायेब, फ्लावर वाशीस्नं आनला व्हय? त्यांच्या दिराचा फ्लॉवरचा मळा घराच्या मागेच आहे. रोज संध्याकाळी टेम्पो भरून वाशीला जातो. वैजयंती हसता हसता पायरीवर बसली. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

रात्री ८. चूल पेटायला दीड तास. लाकडं दवाने ओली. डोळे टोमॅटोसारखे. भात खाली कोळसा, मध्ये चिखल, वर कच्चा. शी! पण पहिलाच दिवस आहे. उद्या सेट होईल.

२६ डिसेंबर. सकाळी ११.

पातेलं काळंकुट्ट. घासून घासून नखांत काजळी, तीच बोटं पोह्यांत. शी शी शी. गिरजाबाई म्हणाल्या, आदी भांड्याला भायेरनं वली राख थापायची असती, मग काजळी हातासरशी निगती. ज्या भांड्यात खायचं त्याला राख? मी त्यांना स्वच्छतेचं महत्त्व समजावून सांगितलं.

दुपारी. घरून आणलेला कुकर चुलीवर चढवला. कान वितळला. तो वास अजून नाकातून जात नाही. डाळ कच्ची ती कच्चीच. फ्लॉवर मात्र झाला.

वैजयंती दोन घास खाऊन उठली. डोंगराळ हवेत भूक कमी होत असावी. जेवणाच्या आधी ती गिरजाबाईंकडे गप्पा मारायला जाते. चांगलं आहे, लोकांत मिसळायला हवं.

ऋषीचं ऑफिसचं काम. रेंज फक्त गिरजाबाईंच्या ओट्यावर येते म्हणे. आणि ऐन जेवायच्या वेळी येते. या मोबाइल कंपन्यांना काही ताळतंत्र नाही.

२७ डिसेंबर, शनिवार.

फ्लॉवरात अळी. हिरवी, जाड, शिजलेली. अर्धी. बाकीच्या अर्धीचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

ठरवून उपयोग झाला नाही. दुपारभर चुळा भरतोय.

अंघोळीचं पाणी तापवायला पुन्हा तीच चूल. नाश्ता आटोपेपर्यंत बारा वाजतात, की लगेच जेवणाचं. डोंगर बघायला आलो आणि बघतोय काय, तर लाकडाचं टोक. शर्टाला, उशीला, टूथब्रशलासुद्धा धुराचा वास. चहात राख. दुधात शेजारच्या शेळीने तोंड घातलं, आणि मी ते गाळून वापरलं. होय, वापरलं. कोणाला सांगितलं नाही.

वैजयंतीच्या गालांवर तकाकी आली आहे. माझा साधा सात्त्विक स्वयंपाक मानवला. संध्याकाळी तिने जोरात ढेकर दिली. तिला लसणाच्या चटणीचा वास होता. मी तर चटणी केलीच नव्हती. गावच्या हवेतच असेल.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.

खरं तेच लिहितो, इथे कोण वाचतंय. मला या जागेचा वीट आलाय. हे खोरं, ही चूल, हा फ्लॉवर, सगळ्याची किळस आली आहे. मला घरचा ओटा हवाय. बटण दाबलं की पेटणारी शेगडी हवी आहे. खाली उतरलं की इडलीवाला हवा आहे.

पण हरायचं कसं? ऋषी जन्मभर चिडवेल.

प्लॅन: वैजयंतीने स्वतःहून एक कप चहा केला, की अट तिनेच मोडली. मग मी उदार मनाने म्हणणार, जाऊ दे, तुला जमत नाही, खोऱ्याचं राहू दे. मान राखून जुईनगर. तेव्हा आज कंबर धरली आहे. पांघरूण घेऊन पडतो.

सकाळी १०. वैजयंतीने काळजीने विचारपूस केली. कमरेला बाम चोळला. चुलीकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर खुर्ची टाकून उन्हात बसली.

११. गिरजाबाई तिला चहा देऊन गेल्या. आल्याचा. वास आत येतोय. मला कोणी विचारलं नाही, कारण बाहेरचं मला चालत नाही, असं वैजयंतीने त्यांना सांगितलं.

दुपारी १. तिला अजून भूक नाही. ऋषीला रेंज मिळाली.

३. मला भूक आहे. उठलो. फ्लॉवर केला.

३० डिसेंबर. दुपारी २.

शेवटचं जेवण झालं. गोणी अजून अर्धी आहे. ती शेळीपुढे टाकली. तिने हुंगली आणि निघून गेली.

सामान भरताना वैजयंती जवळ आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, मी चुकले हो. तुम्हाला एक दिवससुद्धा जमणार नाही असं वाटलं होतं. पण तुम्ही पाचही दिवस कुरकुर न करता केलंत. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा उठल्याबरोबर आज काय करायचं हा विचार डोक्यात आला नाही. गिरजाबाईंकडे आयतं बसून गरम भाकरी खाल्ली. माझी आई गेल्यापासून कोणी मला असं वाढलं नव्हतं. मला इथेच राहायचंय. कुठे सही करू सांगा.

भाकरी खाल्ली? पाच दिवस?

तिचा चेहरा असा काही फुलला होता, लग्नातसुद्धा एवढा नव्हता. खरं बोलायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं, की मी तुला म्हटलंच होतं.

गाढव आहे मी.

२ जानेवारी, शुक्रवार.

घरी. सकाळपासून शेगडी तीनदा नुसतीच पेटवून बघितली.

वैजयंतीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. एकोणचाळीस अभिनंदनं. सेक्रेटरी प्रसाद घरी येऊन हात मिळवून गेला. म्हणाला, नंदकुमार, तुमच्यासारखं डेअरिंग आमच्यात नाय. मीही सांगितलं की डेअरिंग रक्तातच असावं लागतं. का सांगितलं? कोणी विचारलं होतं?

गिरजाबाईंचे दीर मळ्याशेजारचा तुकडा द्यायला तयार आहेत. गिरजाबाईंचा फोन होता. वैजयंतीने नव्या घराचा कागदावर नकाशा काढला आहे. स्वयंपाकघर मोठं. त्यावर माझं नाव लिहिलंय. तुमचं डिपार्टमेंट, म्हणाली.

निश्चय: उद्या तिला सगळं स्पष्ट सांगायचं. कणा ताठ ठेवून.

३ जानेवारी.

ती भाजी चिरताना गुणगुणत होती. उद्या सांगू.

४ जानेवारी, रविवार. दुपारी १२.

फ्लॅट बघायला नावड्याहून एक जोडपं आलं. तरुण, सभ्य. बाई स्वयंपाकघरात थांबल्या. गॅस पाइपने येतो का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. चोवीस तास येतो, म्हटलं. सिलिंडरचं टेन्शन नाही, बटण दाबायचं की झालं. सांगताना शेगडीवरून मायेने हात फिरवत राहिलो. त्यांना वाटलं, मी फार प्रामाणिक माणूस आहे. जागा त्यांना तिथल्या तिथे पसंत पडली.

रिकामी कधी कराल, असं नवऱ्याने विचारलं. आता बोलायचं, असं मनाशी म्हटलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

पाडव्याला, वैजयंती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली.

मी चहा गाळत होतो. मान हलवली.