तळघर आणि तुझी पाठ

सुपीरियर सरोवर, जहाजावरून

लाडक्या लॉर्ना,

तळघरात पाणी भरल्याचं तुझ्या भावाने फोनवर सांगितलं. तीन हिवाळे खपून मी तिथली खोली सजवली होती!

पण तू कमाल केलीस. शेजारी बादल्या घेऊन धावले, तर त्यांना जिन्यावरच थोपवलंस: "विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत काडी हलवायची नाही. कॉफी प्या!" म्हणूनच त्याला दिसलं, पाणी बाहेरून झिरपलेलं नाही, गटारातून उलटं आलंय. झिरपलेल्या पाण्याची भरपाई मिळत नाही; गटाराच्या पाण्याची मिळते, आणि तो जादा विमा घ्यायचा हट्टही तुझाच. आता भिंतींसकट भरपाई!

तुझ्या आई घाबरल्या नाहीत ना?

शेजाऱ्यांना पुन्हा बोलाव. ओला गालिचा एकटी ओढू नकोस. तुझ्या पाठीचा विमा कुठलीच कंपनी उतरवत नाही.

तुझाच,
आर्विड