चालत्या फ्रीझरचा बिघाड

ती. विनीताईस,

बर्नलीहून धाकट्या डॉरीनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? क्लिफर्ड भावोजींचा खोकला गेला की अजून त्या थंडीत गळ टाकून बसतात आणि तुमचा तो खडखडणारा फ्रीझर बांगड्यांनी भरतात? (बसत असणारच. त्या माणसाला न्यूमोनियापेक्षा बांगडा गेल्याचं दुःख जास्त.) मी ठणठणीत आहे, पण गेल्या आठवड्यात माझी जी फजिती झाली ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय नाताळचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

तुला माहीतच आहे, आमचं पाळणाघर नाताळात दोन आठवडे बंद असतं. पोरांना सुट्टी, माझ्या स्वयंपाकघराला सुट्टी आणि दुपारच्या गरम जेवणालाही सुट्टी. यंदा पुष्कळ घरांत ओढाताण आहे, म्हणून आमच्या पिलिंगबाईंनी (मुख्य बाई, मनानं सोनं, पण सरळ रेषेत चालणाऱ्या) दाराशी खाण्याच्या वस्तूंची एक फळी मांडली आणि वर पाटी लावली की गरज असेल त्यानं न्यावं. कुणी नेईल तर शपथ! उलट येणारा जाणारा तिथे बीन्सचा डबा ठेवून जायचा. ली एंटविसलनंसुद्धा ठेवला. हा ली म्हणजे आमच्या चिमुरड्या मेसीचा बाप, एकटा पोर वाढवणारा. कालव्याकाठचं गोदाम बंद पडलं आणि त्याची नोकरी गेली. त्याच आठवड्यात मेसीनं जेवताना अर्धा पाव गपचूप खिशात कोंबलेला मी पाहिला. कुणासाठी गं, विचारलं तर म्हणाली, बाबासाठी. ताई, मी भांडी घासायच्या निमित्तानं आत गेले आणि भरपूर रडले.

फुकटचं म्हटलं की आपली माणसं मरतील पण हात पसरणार नाहीत, पण दुसऱ्याची अडचण म्हटली की धावत येतात, हे आईनं आपल्याला काय कमी वेळा दाखवलंय? म्हणून संध्याकाळी पोरांना न्यायला आईबाप जमले तशी मी दारात उभी राहिले आणि गळा काढला, की फ्रीझर बंद पडलाय, मटण-बटाट्याच्या हॉटपॉटचे ट्रे वाया जाणार, पिलिंगबाई मला उभी सोलणार, माझ्यावर उपकार करा आणि घेऊन जा. खोटं बोल पण रेटून बोल! माणसं हळहळली आणि भराभर हात पुढे झाले. (एका पोराची आई असलेल्या दंतवैद्यीणबाईंनीसुद्धा आपल्या मोठ्या गाडीत दोन गोठवलेल्या कोंबड्या घातल्या, केवळ माझी दया येऊन. त्यांना नाही कशी म्हणू?) लीनंही मान खाली घालून एक ट्रे उचलला. बाकीचे मी मुद्दाम मागे ठेवले, म्हणजे सुट्टी लागेपर्यंत रोज एकेक त्याच्या गळ्यात मारता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसीला सोडायला ली आला तो हत्यारांची पिशवी घेऊन. गोदामात हा काय काम करायचा हे मी मेलीनं कधी विचारलंच नव्हतं. शीतगृह होतं ते, आणि हा तिथला फ्रीझरचा मिस्त्री! म्हणाला, मावशी, तुम्ही एवढ्या अडचणीत आणि मी नुसता ट्रे घेऊन घरी जाऊ? माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आडवी उभी राहिले, फरशी ओली आहे म्हटलं, शॉक बसतो म्हटलं, आधी चहा तरी घे म्हटलं. इतक्यात मेसीनंच माझ्या काखेखालून हात घालून दार उघडलं. आत ट्रे दगडासारखे गोठलेले आणि मोटर मांजरीसारखी गुरगुरतेय.

त्यानं वाटाण्यांच्या पिशवीवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. ताई, आता हा कालचा ट्रे परत आणून देणार आणि पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकणार नाही, असंच मला वाटलं. तेवढ्यात मागून पिलिंगबाईंचा आवाज आला, काय झालंय हो फ्रीझरला?

लीनं खाली पाहिलं. मेसी त्याच्या पायाला बिलगून उभी होती. मग तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, बाई. वरून गार वाटतो, पण भरवसा नाही. हे सगळं आजच हलवायला हवं. मी नेतो थोडं."

बाई फोन करायला गेल्या. त्यानं ट्रे उचलले आणि जाता जाता हळूच म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी निदान प्लग तरी काढून ठेवा."

भावोजींना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुझी,
डॉरीन

ता. क. जानेवारीत दुरुस्तीला पिलिंगबाईंनी ली-लाच बोलावलंय, मजुरी देऊन. धडधाकट फ्रीझर दुरुस्त कसा करायचा, या काळजीत आम्ही दोघं आहोत.

ता. ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आमचा फ्रीझर बिघडल्याचं गावभर झालं आणि दया येऊन लोकांनी गोठवलेल्या टर्की पाठवल्यात, ढीगभर! त्या गरजू घरांना सुट्टी लागण्याच्या दिवशी जातील, पण तोवर ठेवू कुठे? बिघडलेल्या फ्रीझरमध्ये ठेवता येत नाहीत. तेव्हा तुमचा रिकामा कर. ली परवा टर्की घेऊन येतोय. तुमच्या फ्रीझरची खडखड त्याला दाखव, आणि भावोजींचे सगळे बांगडे त्याच्या हवाली कर. म्हणावं, टर्कीपुढे जागाच उरली नाही, उपकार कर आणि घेऊन जा. यातलं अक्षरन् अक्षर खरं असल्यामुळे तुला प्लग काढायची गरज नाही.