राखेतला घेवडा

तीर्थरूप आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी लग्नानंतर कुणाला पत्र लिहिलं नाही. तरी आज लिहायला बसले. मृग तोंडावर आलाय, रहिमतपूरच्या बाजारात बियाण्यांच्या पिशव्या लागल्यात, आणि फळीवरच्या तुमच्या मडक्याकडं बघायचं कालपर्यंत मला धाडस होत नव्हतं. सासू गेली की सून सुटते म्हणतात. मी कुठं सुटले!

तुमच्या माहेरचा तो पट्ट्यापट्ट्यांचा घेवडा. लग्नात पदराला बांधून आणला होता, असं तुम्ही शंभरदा सांगितलंत. अर्धं बी मातीत, अर्धं राखेत, हा तुमचा नेम. एखाद्या साली पावसानं सगळं नेलं, तरी मडक्यातल्या राखेत पुढच्या पेरणीपुरतं बी असायचंच. मी नवी होते तेव्हा एकदा कालवणाला काही नव्हतं म्हणून मडक्यात हात घातला, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "उपाशी निजलीस तर सकाळी उठशील गं. बी खाल्लंस तर उठून करणार काय?" केवढा राग आला होता मला! चार दाण्यांसाठी सुनेचा हात धरता?

गेल्या साली पाऊस उन्हाळ्यातच आला आणि मुक्कामालाच राहिला. रानातला चिखल सुकेना, वाफसा नाही, कशीबशी पेरणी केली. शेंगा भरल्या आणि झड लागली. तुम्ही अंथरुणावरून रोज विचारायचात, "शेंगा वाळल्या का गं?" मी म्हणायचे, "व्हय आत्याबाई, वाळत्यात." खोटं बोलले. शेंगांतच मोड आले होते. तुम्ही गेलात तोवर आम्ही त्या रानाकडं जायचंही सोडलं होतं. तुम्हाला कळलं होतं का?

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. वरून पाऊस, खाली चिखल, सगळे छत्र्या धरून उभे. असल्या पावसात कावळा तरी कुठून यायचा! पण तुमचे लेक कासावीस झाले. एकेकानं बोलून बघितलं. घर सांभाळू, नातीचं लगीन थाटात करू. नाही म्हणजे नाही. शेवटी कुपवाडहून आलेले धाकटे भाऊजी पुढं झाले. "आये, तेराव्याला तुझ्या घेवड्याचीच आमटी करतो बघ!" तेवढ्यात पाऊस जरा उघडला आणि कावळा आला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

आता घेवडा आणायचा कुठून? मी बाजारात गेले. भाव ऐकून पिशवी उघडायचा धीर होईना. शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "शेतकऱ्यांची चैन हाय औंदा!" काय सांगू तिला? भाव होता, पण आमच्याकडं माल कुठं होता? रिकामी पिशवी घेऊन परत आले, तर भाऊजी म्हणाले, "वयनी, घरात मडकं भरलंय की. आयला शबुद दिलाय."

मी नको म्हणाले. एकदाच म्हणाले, आणि तेही हळू. मग मीच मडकं उतरवलं, मीच दाणे निवडले, भिजत घातले, शिजवले. पाहुणे बोटं चाटत जेवले. "म्हातारीची चव हाय!" म्हणाले. मीसुद्धा दोनदा वाढून घेतली, आत्याबाई. त्याची लाज अजून जात नाही.

आता वाटतं, कावळा आमटीसाठी थांबलाच नव्हता. "बी सांभाळीन" एवढं मी म्हणायला हवं होतं. तुम्ही माझ्याच तोंडाकडं बघत होता का? मग सांगायचं होतं ना! एरवी मनगट धरणाऱ्या तुम्ही, मी मडकं उतरवलं तेव्हा कुठं गेला होता?

काल धीर करून राख परातीत ओतली आणि चाळली. एकवीस दाणे निघाले. दोन किडके होते, राहिले एकोणीस. ह्यांनी बघितले. "यात एक सरीबी भरायची न्हाई," एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन बसले. दुकानातली बियाण्याची पिशवी आणायला ना त्यांनी सांगितलं, ना मी.

दहाव्याला बोलायचं राहिलं, ते आज बोलते. दहा दाणे परसात लावीन. झड लागली तर वर प्लॅस्टिकचा कागद ताणीन, नाहीतर छत्री धरून उभी राहीन. उरलेले नऊ राखेत. भाद्रपदात तुमचं वर्षश्राद्ध येईल, तेव्हा तुमच्या पानावर घेवडा नसेल. रागवा हवं तर. कावळा नाही शिवला, तर बसू आम्ही पावसात, दिवसभर बसू. पण त्या मडक्यात मी हात घालणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घातला तर त्याचं मनगट धरीन.

तुमची सून,
सुनंदा