कांताला काय सांगायचं

३ ऑगस्ट, रविवार
वॉकर सुटला, काठी आली. सूनबाईंनी, म्हणजे रेश्माने, वॉकर लगेच माळ्यावर टाकून दिला. घरात पाय ठेवायला जागा झाली म्हणाली. गुडघा मात्र तसाच. सकाळी निमूट असतो, चारनंतर आतून तापायला लागतो. भोवती कुणीतरी पंचा पिळून बांधल्यासारखा. जूनमध्ये ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दीडेक महिन्यात फरक दिसेल. दिसला की. आधी चालताना दुखायचा, आता बसल्यावरही दुखतो.
दुखण्याला रोज श्रेणी द्यायची ठरवलंय. जन्मभर शाळेत तेच केलं. अ म्हणजे दुखण्याने उत्तम कामगिरी केली. आज: ब.

५ ऑगस्ट, मंगळवार
शेजारची कांता आली. मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हापासूनची मैत्रीण. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, कठडा धरून गॅलरीतनं येते. शिवडीला गोदामात कामाला असलेल्या तिच्या मुलाने माझ्याच डॉक्टरकडे तिचं नाव घातलंय, सप्टेंबरसाठी.
समोर बसली. "लीले, खरं सांग. दुखतं का ग अजून?"
"छे. कुठे काय."
निघूनच गेलं तोंडातून. तिचा चेहरा असा काही उजळला की पुढे काही बोलवेना. "तुझ्यावरच होतं सगळं. तू बरी, तर मी पण जाते बिनधास्त."
ही बाई मोतीबिंदूच्या वेळी नंबर यायच्या आत दवाखान्यातून उठून घरी आली होती. दुखतं म्हटलं असतं तर संपलंच. आणि नाही केलं ऑपरेशन तर पुढच्या वर्षी खाटेवरनं उठायची नाही. म्हणून.
ती गेल्यावर बर्फाची पिशवी बांधून बसले. आज: अ.

१२ ऑ., मंगळवार
परळला डॉक्टर. एक्स-रे बघून खूश. "सांधा एकदम छान बसलाय, आजी."
"मग दुखतंय कुणाला?"
हसले नाहीत, हे बरं केलं. म्हणाले, काहींना वर्ष लागतं. थोड्या जणांना थोडंफार दुखणं राहतंही. व्यायाम सोडायचा नाही, सूज वाढली, ताप आला तर लगेच यायचं. हे आधी का नाही सांगितलं विचारलं, तर सांगितलं होतं म्हणाले. टॅक्सीत रेश्माला विचारलं. "सांगितलं होतं, आई. तुम्ही तेव्हा त्यांना त्यांची शाळा कुठली ते विचारत होतात."
असेल.

१६ ऑ., शनिवार
व्यायामाच्या वेळी दार लावून घेते. टाच गादीवरनं सरकवत पाय दुमडायचा, तेव्हा कण्हल्याशिवाय होत नाही आणि कांताच्या आणि आमच्या मधली भिंत नावाला भिंत आहे. पदर तोंडात धरते. पण चाळीत दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे बातमीच. आज तिघींनी विचारलं, घरात काही झालंय का. रेश्माशी भांडण झालं असं एकीने परस्पर ठरवूनही टाकलं. रेश्मा वैतागली. "आई, तुमच्या खोट्यापायी मी वाईट होतेय." बरोबर आहे तिचं.

२१ ऑ., गुरु.
व्यायाम घ्यायला फिझिओथेरपीवाली मुलगी आली होती, नेहा. लहान आहे, पण धाक आहे तिचा. तिचं एक वाक्य धरून ठेवलंय: दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. काम तुकड्यांत करा म्हणते. तसं करून बघितलं. भाजी स्टुलावर बसून निवडली, मग आडवी झाले. पोळ्या रेश्माच्या, फोडणी माझी.
दुपारी श्वासाकडे लक्ष देऊन बसले. आम्हाला विहारात शिकवतात, वेदना येते, जाते, नुसती बघायची. बघितली. माझी येते आणि मुक्कामाला राहते. तरी बघत बसल्यावर तिची भीती थोडी कमी झाली, हे खरं. आज: ब, जवळजवळ क.

२८ ऑ., गुरु.
कांताने दोन गाऊन आणले हॉस्पिटलसाठी. एक निळा, एक फुलाफुलांचा. कुठला नेऊ विचारत होती. निळा म्हटलं. मला तिच्याकडे बघवेना. ती माझ्या भरवशावर चाललीय आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळणार की मी फसवलं. मग माझं तोंड तरी बघेल का.
रेश्मा म्हणते, आजच सांगा. उद्या सांगते म्हटलं.

३१ ऑ., रविवार
ऑपरेशननंतर पहिल्यांदा खाली विहारात गेले. उतरताना दुखरा पाय आधी, एकेक पायरी. सगळ्यांनी जयभीम घातला, खुर्ची दिली. खाली वाकून वंदन करता येत नाही, हात जोडले. वाईट वाटलं, पण बसले.
रविवारी पंचशील मीच म्हणते, माझ्यामागून सगळे. माइक हातात दिला. कांता पहिल्याच रांगेत, पाय लांब करून भिंतीला टेकलेली.
पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. ओठांवर आलं आणि कांता माझ्याकडेच बघत होती. म्हणवेना. पाचव्यावर गेले.
विहारात जो गोंधळ झाला. अर्ध्यांनी सवयीने चौथं म्हटलं, अर्ध्यांनी माझ्यामागून पाचवं. लहान मुलं खिदळली. एवढ्या वर्षांत अशी चूक झालेली नाही माझी. वय झालं बाईंचं, असं कुणीतरी म्हणालं मागे. मी परत मागे जाऊन चौथं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

रात्री नऊ
कांता आली. दार लोटून घेतलं तिने, तेव्हाच समजले.
"चौथं का गाळलंस?"
"दुखतंय, कांते. रोज दुखतं. तुला खोटं सांगितलं."
समोर येऊन बसली. मग, "किती दुखतं?"
सगळं सांगितलं. चारनंतरचं, पदराचं, डॉक्टर म्हणाले ते. हेही सांगितलं की आधीचं हाडावर हाड घासल्याचं दुखणं गेलंय, ते परत आलेलं नाही. जिना चढते. जूनमध्ये चढत नव्हते.
"हेच सांगायचं होतं ना मग," म्हणाली आणि उठून गेली. रडू आलं मला. रेश्माने चहा करून दिला.

४ सप्टेंबर, गुरु.
कांता चार दिवस फिरकली नाही. तिच्या मुलाने गॅलरीत थांबवून विचारलं, "मावशी, काय झालं? आई आता नको म्हणतेय." मी म्हटलं, मी खरं सांगितलं.
आज व्यायाम दार उघडं ठेवून केला. कण्हले मोकळेपणी. आज: ब.

७ सप्टें., रविवार
विहारातून आल्यावर कांता आली. हातात निळा गाऊन, बटण तुटलेलं. "लाव. मला दिसत नाही."
लावलं. शुक्रवारी दाखल व्हायचंय तिला. जाणार का विचारलं तर म्हणाली, अजून ठरवलं नाही. मग मी दोरा तोडत असताना, "गेलेच तर पहिल्या रात्री तू थांबशील? पोराला काही कळत नाही."
"थांबेन. पण रात्रभर खुर्चीत बसून माझा गुडघा दुखणार. आधीच सांगते."
"सांगत जा," म्हणाली. गाऊनची घडी घातली आणि घेऊन गेली.