वाळूच्या साच्यातला आरसा

२ फेब्रुवारी, सोमवार

निश्चय पक्का. सासरेबुवांच्या ओतकामाच्या फाउंड्रीतला हा माझा शेवटचा हिवाळा. शाळेपासूनचा मित्र ड्वेन वर उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी लाकडी बोटी दुरुस्त करतो. त्याला जोडीदार हवाय. बर्फ वितळेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. मोकळी हवा, पाणी, लाकडाचा वास. इथे अंघोळ करून आलो तरी कानातून साच्यांची वाळू निघते.

सासरेबुवांना शुक्रवारी सांगणार. वाक्य तयार आहे. हर्बर्ट, मी लग्न तुमच्या मुलीशी केलं, तुमच्या भट्टीशी नाही. बाथरूममध्ये म्हणून पाहिलं. आवाज भारदस्त लागतो.

मार्लिसला नंतर सांगेन. बायकोला आधीपासून घोर कशाला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नेहमीसारखा टॅव्हर्नमध्ये तळलेला मासा आणि ब्रँडी. सासरेबुवांना सांगणारच होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आमच्या टेबलापाशी बिअर कंपनीची मिस नोवाक आली. त्यांच्या बारसाठी तिला ॲल्युमिनियमचे खांब ओतून हवेत, ज्यांना बिअरचे नळ बसवतात ते. चकाकी कितपत येईल, म्हणाली. तोंड उघडंच होतं. त्यातून निघालं, आरशासारखी.

गाडीत सासरेबुवा म्हणाले, वाळूच्या साच्यातून आरसा काढणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मी म्हणालो, धंद्यात आत्मविश्वास लागतो. ते म्हणाले, लागतो की. पण तो वितळत नाही, पोरा. ओतायचा कसा?

एका अर्थी बरंच झालं. ही ऑर्डर पुरी करायची, शाबासकी घ्यायची आणि मग ताठ मानेनं निघायचं. पळून गेला असं कुणी म्हणायला नको.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिले खांब साच्यातून निघाले. अंग खरखरीत. वाळूचा साचा म्हटल्यावर ते आलंच. बफिंगला दिले. थोडं घासल्यावर चकाकले. मी शीळ घातली. आणखी घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली. वितळलेल्या धातूत वायू अडकला की असं होतं. वरची कातडी शाबूत असते तोवर कुणाला कळत नाही.

उपाय: अजून घासणे.

२० फेब्रुवारी

अजून घासलं. अजून भोकं.

३ मार्च, मंगळवार

दोष हवेचा आहे. वाळूचाही. माझा म्हणाल तर घाई, पण तो उत्साहाचा भाग झाला.

धातूतला वायू काढून पुन्हा ओतलं. भोकं कमी झाली, गेली नाहीत. सासरेबुवा म्हणाले, लोखंडी साच्यात ओतलं तर अंग गुळगुळीत येईल, पण एवढ्याशा ऑर्डरसाठी तसला साचा कोण कोरणार? मी म्हणालो, भोकं बुजवू, वर क्रोम चढवू. चढवलं. आता भोकंही चकाकतात.

ड्वेनचा फोन. बर्फाला तडे जायला लागलेत. निघालोच, म्हणालो.

११ मार्च, बुधवार

मार्लिसला कळलं. ड्वेननं घरी फोन केला, तो तिनं उचलला. त्या गाढवानं तिला विचारलं, तुम्हा दोघांना माडीवरची खोली चालेल ना? मी तळघरात जाऊन काहीतरी शोधू लागलो. ती मागोमाग आली.

भांडणाची तयारी होती, मुद्दे काढून ठेवले होते. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, मी याच वासात वाढले, वेंडेल. शाळेत मुली म्हणायच्या, हिच्या केसांना जळक्या वाळूचा वास येतो. तू कधीतरी चल म्हणशील, म्हणून इतकी वर्षं थांबले.

मुद्दे वाया गेले.

मग म्हणाली, मी येते. पण पप्पांना तू सांगायचंस. तुझी बाजू त्यांना आणि त्यांची तुला समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला आलाय.

आजवर मला वाटायचं, इथे अडकलेला मी एकटाच. रविवारी सांगणार. नक्की.

१५ मार्च, रविवार

सर्दी.

२४ मार्च, मंगळवार

नवी योजना. इतकी सोपी की आधी कशी सुचली नाही, याचं नवल वाटतं. सांगायची गरजच नाही. शुक्रवारी मिस नोवाक खांब बघायला येतेय. भोकं बघेल, ऑर्डर रद्द करेल. सासरेबुवा मला हाकलतील. हाकललेला माणूस जाणार नाही तर काय करणार?

मार्लिसला सांगितलं. ती कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. म्हणाली, एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी तू अख्खी फाउंड्री बुडवणार? मी म्हणालो, बुडवत नाहीये, बुडू देतोय. ती पुढची बशी गुंडाळायला लागली, जरा जोरात.

२७ मार्च, शुक्रवार

मिस नोवाक आली. क्रोमचा खांब उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. चेहरा पडला. मी मनातल्या मनात सामान गाडीत भरलं.

जाताना तिची नजर ऑफिसच्या दाराकडे गेली. दार वाऱ्यानं आपटतं म्हणून मी तिथे एक न घासलेला खांब लावून ठेवला होता. वाकून तिनं त्यावरून हात फिरवला. म्हणाली, हा का नाही दाखवलात? आमच्या बिअर मुरवायच्या जुन्या तळघराच्या भिंतीसारखा लागतो हाताला. सगळे असेच द्या, वर फक्त काळ्या रंगाचं पावडर कोटिंग.

ती गेल्यावर सासरेबुवा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, मुद्दाम ठेवला होतास ना तिथे? आधी नको तो माल दाखवायचा, मग हवा तो. आणि मी समजत होतो, तुला धंद्यातलं काही कळत नाही.

मी नाही नाही म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

५ एप्रिल, ईस्टर

हॅम कापायच्या आधी सासरेबुवा उभे राहिले. म्हणाले, मला या धुरातून केव्हाच बाहेर पडायचं होतं. रोज सकाळी गेट उघडताना वाटायचं, आज बंद करून टाकावं. पण तुझ्यावर सोपवायचा धीर होईना. आता झाला. किल्ल्या माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. मग रुमालानं डोळे पुसले. मी कधी त्यांना डोळे पुसताना पाहिलं नव्हतं.

माझं वाक्य तयार होतं. मार्लिस माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि थँक यू म्हणालो.

मार्लिसनं खाली मान घालून हॅम वाढलं. मोठा तुकडा मला.

१२ एप्रिल, रविवार

कपबशा परत फडताळात. पुढच्या वर्षी नक्की, म्हणालो. ती हं म्हणाली.

ड्वेनला फोन करून सांगितलं, या खेपेला जमत नाही. तो म्हणाला, काळजी करू नकोस, माणूस मिळाला. वय झालंय, पण हात पक्का आहे. हर्बर्ट नावाचा.

सासरेबुवांना ड्वेनचा नंबर मार्लिसनं दिला होता. म्हणाली, कुणीतरी सुटू दे.

४ मे, सोमवार

सकाळी सासरेबुवांचा फोन. पहिली बोट पाण्यात सोडली म्हणे. धुरानं लागलेला त्यांचा नेहमीचा खोकला ऐकू आला नाही. दुपारी सरोवराकाठी झोप फार छान लागते, म्हणाले. मी विचारलं, परत कधी येणार? ते म्हणाले, कशाला? तू आहेस ना तिथे.

अजून बोलायचं होतं. पण भट्टीवरून हाक आली. धातू तयार होता.