माझ्या मेंदूचा फोटो आणि तुझा नववा मजला

ती. दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच). गुडघा बरा आहे ना? ऑपरेशन झाल्यापासून तू वर अडकलास आणि मी खाली. नऊ मजले मला चढवत नाहीत, आणि लिफ्टच्या त्या डबीत मी पाय ठेवत नाही, म्हणून कित्येक महिन्यांत तुझं तोंड पाहिलं नाही. करमत नाही रे. वर तू वहिनीपाशी मला भित्री भागूबाई म्हणतोस हेही माझ्या कानावर आलंय. तर आता नीट बसून वाच.

शेजारच्यांची सून मेंदूवर संशोधन करते. तिला धडधाकट माणसं हवी होती, आणि अख्ख्या इमारतीत धडधाकट मीच निघाले (रोज पळायला जाणारे वकीलसाहेब रक्तदाबात बाद झाले, मी नुसती हसले). आधी यंत्राच्या बोगद्यात झोपवून मेंदूचे फोटो काढायचे, मग ते फोटो बघून डोक्यावर नेमक्या जागी चुंबक धरायचं आणि मेंदूचा हात हलवणारा भाग बाहेरूनच जागा करायचा, असा एकूण बेत. बोगदा म्हणजे लिफ्टच, फक्त आडवी, आणि बाहेरून कुणीतरी पत्रे ठोकतंय असा आवाज. भीती वाटली तर दाबायला हातात एक रबरी फुगा दिला होता. मी आत गेल्या गेल्या दाबला. सगळे धावत आले. मी म्हटलं, काही नाही, भीती वाटत नाहीये एवढंच सांगायचं होतं. (सुनेने कपाळाला हात लावला.) पण दुसऱ्यांदा आत गेले ती फोटो पुरे होईपर्यंत हूं की चूं केलं नाही. मी, दादा. मी.

मग चुंबक. टक्‌ आवाज झाला आणि माझा अंगठा आपला आपण उडाला, मला न विचारता. या घरात आजवर माझ्याशिवाय कुणाचा हुकूम चालला नाही, म्हणून मी त्याला दटावलं, तर पुन्हा उडाला. फोटोत मेंदू अगदी जागच्या जागी दिसतोय, तेव्हा तुझी लहानपणापासूनची शंका मिटली असं समज. फोटो टीव्हीशेजारी लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, मी सांगते.

तर रविवारी मी लिफ्टने वर येतेय.

तुझी शूर बहीण

ता. क. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. मी जिन्याने चढले, पण तेव्हा अजून बोगद्यात शिरले नव्हते.

ता. क. उतरलेही जिन्यानेच.

ता. क. वहिनीला यातलं काही सांगू नकोस. डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलंय ना, मग रविवारी काठी घेऊन खाली ये आणि मला वर ने. दार बंद झालं की गप्प राहू नकोस, काहीतरी बोलत राहा. भांडलास तरी चालेल.