मागे घेतलेला अर्ज

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. समोर असता तर माझं तोंड उघडलं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आधी त्या मधाचं बोलते. मी नऊ-दहा वर्षांची. आपल्या माले गावच्या घरी डोंगरवाडीची एक बाई पळसाच्या पानात मधाचं पोळं घेऊन येते, म्हणते, "पोरीला खायाला आनलंय," आणि मी लगेच बोट घालते. तुम्ही ओट्यावरून ओरडता, "थुक आधी! काय मागाया आलीया ती, इचारलंस का?" ती काही मागायला आलीच नव्हती. तिच्या तापलेल्या लेकराला आईनं काढा दिला होता, एवढंच. तरी तुम्ही पोळं परत न्यायला लावलंत. बाईचं तोंड एवढंसं झालं. पण आपल्या घराची रीतच ती. पणजोबा पाटील, आजोबा पाटील, तुम्ही लोकल बोर्डात. कुणी काही आणलं की आधी त्याचं काम काय ते कळायला हवं, मगच ती वस्तू उंबऱ्याच्या आत. कुणाच्या सत्यनारायणाचा प्रसाद आला तरी तुम्ही द्रोणाकडं नाही, आणणाऱ्याकडं बघायचात.

मग जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक आली. घोटावड्याचं ते घर आपल्याच तोलाचं. त्यांचे आजोबा आणि आपले आजोबा मामलेदारापुढं मानासाठी भांडलेले. त्या घरच्या थोरल्यांनी, दादांनी, तुमच्याविरुद्ध अर्ज भरला, आणि आठवड्याभरात मागेही घेतला. तुम्ही बिनविरोध आलात. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाशी माझी सुपारी फुटली. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तुम्ही दारातूनच म्हणालात, "घर तोलामोलाचं हाय. न्हाई म्हनू नगंस." हळदीच्या दिवशी एक म्हातारी बोललीच, "लेक दिली न् जागा घेतली." सगळ्या बाया हसल्या. मी मान खाली घालून ऐकलं. लई लागलं, अण्णा.

नवरा चांगला मिळाला, हे कबूल. पण त्यांनी पुण्याहून लुगडं आणलं की मला वाटायचं, आता तुमच्याकडं शब्द टाकायला सांगतील. सांगितलं नाही की वाटायचं, पक्का गडी आहे, दम धरून बसलाय. तुम्ही गेलात, कुणाकडं शब्द टाकायचा उरला नाही, तरी माझं मन काही निवळलं नाही. पुढं मुलगा पंचायतीत उभा राहिला तेव्हाही यात त्याच्या बापाचा काय डाव आहे, हेच मी शोधत होते.

गेल्या आषाढात आम्ही दोघं पडवीत वाल सोलत होतो. हे एकदम म्हणाले, "तुला एक सांगायचं ऱ्हायलं. तुला मागनी घातली, तवा तुज्या अण्णांनी निरोप धाडला हुता, समोर उभा ऱ्हानाऱ्याच्या घरात लेक देनार न्हाई. मंग म्याच दादांच्या मागं लागलो, अर्ज काढा म्हनून. दोन दिस जेवलो न्हाई. पौडच्या बाजारात कुंभारनीसंगं भांडत, एकेक मडकं वाजवून बघत हुतीस, तवा बघितली हुती तुला. मला तूच पायजे हुतीस."

म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरले होते. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "आज का सांगताय? काय पाहिजे तुम्हाला?"

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग "काय न्हाई, आपलं सहज," म्हणाले आणि वाल सोलायला लागले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पौषात गेले.

दिवस झाल्यावर मी नणंदेला गाठलं. "व्हय," ती म्हणाली, "दोन दिस पान्याबिगर काय घेतलं न्हाई त्यानं. दादा लई चिडलं हुतं." तिच्याशी बोलून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच: हिला त्यांनी आधीच पढवून ठेवलं असेल काय? मेलेल्या माणसावर मी वहीम घेते, बघा! वाटेत एका दगडावर बसले आणि पोटभर रडले.

हे सगळं तुमच्या माथी मारावं म्हणून कागद घेतला होता. म्हटलं, शिकवण तुमची, फळ माझं. पण अण्णा, त्या दिवशी पडवीत तुम्ही नव्हता. मी होते, चांगली सत्तरीची. हे पत्र तुम्हाला लिहिलं, कारण त्यांना लिहायचं धाडस होत नाही.